घरामागच्या पाण्याची व्यवस्था

मी, ऑदेत रेबूल, कै. फेर्नां रेबूल यांची पत्नी, वय एकोणऐंशी, पूर्वी टपाल खात्यात घरोघर पत्रे वाटण्याचे काम, राहणार ला रूवियेर, रानातल्या रस्त्यावरचे शेवटचे घर, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहून ठेवते की, माझ्या पश्चात माझ्या मालमत्तेची व्यवस्था खाली दिल्याप्रमाणे व्हावी. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देताना ते म्हणाले, "मादाम रेबूल, तुमच्या डोक्याबद्दल गावात शंका कोणालाच नाही. धाक आहे." कोणी दमदाटी करून किंवा गोड बोलून हे माझ्याकडून लिहवून घेतलेले नाही. जावयाला वाटेल की शेळ्यावाल्या ऑनोरेने माझे कान भरले. ऑनोरे इतके कमी बोलतो की कान भरायचे म्हटले तर त्याला एक अख्खा हिवाळा लागेल.

फेर्नां आणि मी मिळून पूर्वी एक मृत्युपत्र केले होते. ते मी रद्द करते. त्यात तलावाचा उल्लेख नाही, कारण तेव्हा तलाव नव्हता.

कलम एक. माझ्या मालकीचे काय आहे. दगडी घर, सासऱ्यांनी बांधलेले. घरापुढचे अंगण. घरामागे पोहण्याचा तलाव आणि त्याभोवतीची फरसबंद जागा. पश्चिमेच्या उतारावरचे बुचाच्या झाडांचे रान. बँकेतली शिल्लक, गाडी, घरातले सामान. कोणाचे देणे नाही. घेणे आहे, पण ते पैशांचे नाही, आणि ते कलम चारमध्ये येईल.

कलम दोन. तलाव कसा आला. हे लिहायची गरज नाही, असे नोटरीबाई म्हणाल्या. पण कारण कळल्याशिवाय माझी मुलगी एकही अट पाळणार नाही. ती लहानपणापासून तशीच आहे. म्हणून लिहिते.

पत्रे वाटत फिरताना या डोंगरावर तलाव येताना मी पाहिले. पहिला पॅरिसहून उन्हाळ्यापुरत्या येणाऱ्यांच्या घरी आला, मग दातांच्या डॉक्टरांकडे, मग शाळेतल्या बाईंकडे. पहिल्या वर्षी माणसे पाण्यात दिसत. दुसऱ्या वर्षी काठावर खुर्च्या टाकून बसलेली दिसत. त्यानंतर घरधनी तेवढा एकटा, लांब दांडीची जाळी घेऊन पाण्यातली पाने काढताना दिसे. मला त्या खड्ड्यांचा हेवा कधी वाटला नाही. फेर्नांलाही वाटत नव्हता. तो बुचाची साल, जिच्यापासून बाटल्यांची बुचे करतात ती, काढण्याच्या कामावर होता. उन्हाळाभर झाडावर कुऱ्हाड चालवून आला की अंगणातल्या नळाखाली डोके धरायचा आणि म्हणायचा, "झाला माझा समुद्र."

मग उत्तरेकडची आग आली. ती डोंगराच्या धारेपर्यंत येऊन थांबली. आम्ही सगळे चर्चपुढच्या चौकात उभे राहून पाहत होतो. धारेवरची झाडे एकेक करून उजळत होती आणि फेर्नां त्यांची नावे घेतल्यासारखा पुटपुटत होता. त्यातल्या बऱ्याच झाडांची साल त्यानेच काढली होती, आणि साल काढलेले झाड आगीपुढे उघडे पडते. घरी आल्यावर त्याने बूटही काढले नाहीत.

"इथं पाणी हवं," तो म्हणाला.

"विहीर आहे."

"विहीर नाही. उघडं पाणी. भरपूर. हात घातला की हाताला लागेल असं."

मी त्याच दिवशी त्याला सांगितले, "पाणी जवळ असलं की तू थांबशील."

"थांबेन म्हणजे काय?"

"पोलीस येऊन म्हणतील निघा, आणि तू निघणार नाहीस. मी तुला ओळखते, फेर्नां."

तो हसला. म्हणाला, "बाई, मी काय वेडा आहे का?"

हा वाद आमच्याकडे बरीच वर्षे चालला. सूप गार होईपर्यंत चालायचा. तो म्हणायचा आग, मी म्हणायचे रस्ता. तो म्हणायचा उकाडा, मी म्हणायचे भिंती हातभर जाड आहेत. मध्ये दोन-तीन वर्षे त्याने विषय काढला नाही, तेव्हा मला वाटले की विसरला. तो विसरला नव्हता. त्याने मागच्या अंगणात कुठे ऊन किती वेळ असते ते पाहून ठेवले होते. मग त्याच्या गुडघ्यांचे ऑपरेशन झाले, आणि डॉक्टर म्हणाले की पोहणे चांगले. आमची मुलगी नादेज फोनवर म्हणाली, "आई, तलाव असला तर आम्ही मुलांना घेऊन जास्त येऊ." मी हो म्हटले.

तलाव झाल्यावर मला तो आवडला. हेही नोंदवून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी पहिल्यापासून तोंड वाकडे करून बसले होते. सकाळी ऊन अंगणात उतरायच्या आत मी पाण्यात असे. नादेज खरोखरच जास्त येऊ लागली. नातवंडे पाण्यातून बाहेर यायला तयार नसत आणि फेर्नां काठावर बसून त्यांना जर्दाळू खिलवत असे. त्याचे गुडघे सुधारले. ते दिवस चांगले होते.

पण मी घरातल्या इतर गोष्टीही पाहत होते. दर वसंतात फेर्नां घराभोवतीचे झुडूप कापून काढायचा, कायद्याने ते करावेच लागते. तलाव झाल्यावर तो मागची बाजू साफ करी आणि पश्चिमेची बाजू पुढच्या आठवड्यावर टाकी. दाराशी एक पिशवी भरलेली असायची, कागदपत्रे, औषधे, टॉर्च. ती एके दिवशी माळ्यावर गेली. गाडी आम्ही नेहमी रस्त्याकडे तोंड करून लावायचो. आता ती अंजिराच्या सावलीत, नाक भिंतीला टेकवून उभी राहू लागली. मी विचारले तर म्हणाला, "उन्हानं रंग जातो." मग त्याने पेट्रोलवर चालणारा पंप आणला. रविवारी तो सुरू करून तलावातल्या पाण्याने छप्पर धुवायचा. रस्त्यावरचे शेजारी बघायला यायचे आणि टाळ्या वाजवायचे. त्याची चाल बदलली. ज्याला आता कोणी काही करू शकत नाही, अशा माणसाची चाल.

कलम तीन. त्या दिवशी काय झाले. गावात हे पाच प्रकारांनी सांगतात. मी तिथे होते.

ऑगस्टचा महिना, दुपारची जेवणे झालेली, मिस्त्राल, आमच्याकडचा उत्तरेचा कोरडा वारा, सुटलेला. आधी उजेड बदलला. टेबलावरचे पांढरे कापड जर्दाळूच्या रंगाचे दिसू लागले. मी मागे गेले तर तलावावर राख पडत होती, करड्या पाकळ्यांसारखी. आणि फेर्नां जाळी घेऊन ती काढत होता.

"फेर्नां, काय करतोयस?"

"पाणी घाण होतंय."

मी घरात जाऊन एकेक खिडकीची लाकडी दारे लावून घेतली. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. त्यातून एक तरुण मुलगी उतरली, तिचे ओठ कोरडे पडले होते.

"मस्यू, मादाम, लगेच निघा. खालचं वळण अजून मोकळं आहे."

फेर्नां तिला अगदी अदबीने म्हणाला, "मादमोझेल, माझ्याकडे साठ हजार लिटर पाणी आहे."

"आणि रस्ते किती आहेत?"

"एक."

 तिला खालच्या आणखी दोन घरी जायचे होते. तिने माझ्याकडे पाहिले. बाईने बाईकडे पाहावे तसे पाहिले, आणि गेली.

मी गाडी भिंतीपासून मागे घेतली, वळवली, दार उघडून धरले.

"बस."

"तू हो पुढं. मी छप्पर भिजवतो आणि येतो."

"कशानं येणार? गाडी मी नेतेय."

"ऑनोरेबरोबर येईन."

"ऑनोरे शेळ्या घेऊन कधीच खाली गेला. फेर्नां, गाडीत बस."

त्याने पंपावर हात ठेवला होता. तो रागावला नव्हता, हट्टालाही पेटला नव्हता. त्याला खरेच कळत नव्हते की मी काय मागते आहे.

"ऑदेत," तो म्हणाला, "एवढं पाणी सोडून कोण जातं?"

मी निघाले. याबद्दल मला गेली सहा वर्षे लोक हळू आवाजात विचारत आले आहेत, म्हणून इथे उत्तर देते. मी निघाले याचा मला पश्चात्ताप नाही. उद्या पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा निघेन. वळणावर आरशात पाहिले तेव्हा घर दिसत नव्हते.

आग घरावरून गेली आणि लगेच पुढे सरकली. फेर्नां तलावात सापडला. डोक्यावर ओले घोंगडे होते, जिवंत होता. हातांना काही झाले नव्हते, पायांना काही झाले नव्हते. पण छाती आतून भाजली होती. मार्सेयच्या इस्पितळात त्याच्या गळ्यात नळी होती, त्यामुळे तो काही बोलू शकला नाही. माझा हात धरून तो छताकडे बघत राहायचा. दुसरा आठवडा उलटायच्या आत गेला.

घराला काही झाले नाही. पश्चिमेच्या खोलीचा पडदासुद्धा काळा पडला नाही. अग्निशामक दलाच्या कप्तान मादाम मेर्ल नंतर मला भेटायला आल्या. टोपी काढून टेबलाशी बसल्या. मी विचारले, "पाण्यानं घर वाचलं का?" त्यांनी कप बाजूला सरकवला.

"नाही, मादाम. पंप चाललाच नाही म्हटलं तरी चालेल. इंजिनालाही हवा लागते, धुरात ते गुदमरतं. घर वाचलं ते भिंती जाड म्हणून, तुम्ही खिडक्या लावल्या म्हणून, आणि त्या वसंतात पश्चिमेच्या उतारावर शेळ्या चरून गेल्या होत्या म्हणून."

"तो घरात बसला असता तर?"

"दारं लावून? वाचले असते, असं मला वाटतं." मग त्या म्हणाल्या, "पाण्यात अंग वाचतं. श्वास मात्र वरचाच घ्यावा लागतो."

कलम चार. जुने हिशेब. तलाव बांधणारे मस्यू पेल्तिए यांचे खाली शहरात दुकान आहे. आगीनंतर ते आले, माझे सांत्वन केले, आणि जाताना मागच्या बाजूने घराचा फोटो काढला. सगळीकडे कोळसा झालेले रान, मध्ये आमचे पांढरे घर, पुढे निळे पाणी. तो मोठा करून त्यांनी दुकानात टांगला. खाली लिहिले, "पाण्यानं राखलेलं घर". त्या फोटोत तलावाच्या काठावर फेर्नांचे बूट आहेत, नीट जोडीने ठेवलेले. पाण्यात उतरण्याआधी त्याने ते काढून ठेवले होते. मी दुकानात जाऊन हे दाखवले. मस्यू पेल्तिए म्हणाले, "मादाम, लोकांना यातून धीर येतो." येतोच. त्यानंतर आमच्या रस्त्यावर अंगणाअंगणात खड्डे झाले. आमच्या अलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या कास्तान बहिणींनीसुद्धा तलाव बांधला. दोघींना पोहता येत नाही. विचारले तर थोरली म्हणाली, "पोहायला कोणी बांधलाय? त्या दिवशी बसायला बांधलाय."

माझे दफन झाल्यावर माझ्या मुलीने पहिले काम हे करावे की, तो फोटो उतरवून आणावा. मस्यू पेल्तिए नाही म्हणाले तर वकिलाचा खर्च माझ्या शिल्लकेतून करावा. फोटो कोणालाही देऊ नये. बूट माझ्या कपाटात आहेत, ते माझ्याबरोबर पुरावेत.

पंप मी कोणाला देत नाही. तो भंगारात जावा.

कलम पाच. पश्चिमेच्या उतारावर शेळ्या चारण्याचा हक्क ऑनोरे व्हिदाल याला तहहयात, आणि त्याच्यामागे त्याचा कळप जो सांभाळेल त्याला. ऑनोरेला या कागदावर साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळते त्याला साक्ष देता येत नाही, असे नोटरीबाईंनी सांगितल्यावर तो थोडा विचार करून म्हणाला, "मग काही देऊ नकोस." तरी देते.

कलम सहा. घर आणि लेक. घर नादेजचे. ते मी दिले नाही तरी कायदा देईल, एकुलत्या एका लेकीला निम्मे सोडावेच लागते, आणि मला ते आनंदाने सोडायचे आहे. घरातले सामान, शिल्लक आणि गाडीही तिचीच. माझे कमरेचे हाड मोडल्यापासून ती आणि जावई लुदोविक मुलांसह इथेच राहतात. लुदोविक विजेची कामे करतो. तो चांगला माणूस आहे. मला उचलून अंघोळीला नेताना तो मुद्दाम हवामानाबद्दल बोलतो, म्हणजे मला लाज वाटू नये. त्याच्याविरुद्ध माझ्या मनात काही नाही, एक सोडून. पहिल्या उन्हाळ्यात धुराचा वास आला तेव्हा मी म्हटले, "लुदोविक, गाडी वळवून ठेव."

"आई, तुम्ही घाबरू नका. पाणी आहे ना आपल्याकडे."

तो फेर्नांला जावई म्हणून थोडीच वर्षे ओळखत होता. तरी त्याने तो शब्द फेर्नांच्याच सुरात म्हटला. आपल्याकडे.

गाडीबाबत अट अशी की, जूनपासून पाऊस येईपर्यंत ती रस्त्याकडे तोंड करून उभी असावी आणि तिच्या आणि रस्त्याच्या मध्ये काही नसावे. ही अट कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही, हे मला सांगितले गेले आहे. लिहिते आहे.

कलम सात. पाणी. प्रथम मी ठरवले होते की तलाव मातीने बुजवावा. मादाम मेर्ल म्हणाल्या की पाणी वाया घालवू नका, डोंगरावर आमच्या बंबांना भरून घ्यायला जागा कमी आहेत. म्हणून माझ्या मालकीतला जो भाग मला माझ्या मर्जीने देता येतो, त्यातून ~~तलाव आणि त्याभोवतीची फरसबंद जागा~~ घराच्या भिंतींबाहेरची चारी बाजूंची सगळी जमीन मी ला रूवियेर गावाला देते. तलावावर काँक्रीटचे झाकण टाकावे, झाकणाला फक्त बंबाची नळी जाईल एवढे तोंड असावे, आणि त्याची किल्ली अग्निशामक दलाकडे असावी. पाणी राहील. ते या घराचे राहणार नाही. घरात राहणाऱ्यांना दारापासून रस्त्यापर्यंत जाण्यायेण्याचा हक्क कायम राहील. त्यांनी तो वापरावा.

कलम आठ. वरच्या खोडाखोडीबद्दल. हा कागद सहीला तयार होता. मी तो नादेज आणि लुदोविकला रविवारच्या जेवणानंतर वाचून दाखवला. वाद होईल असे वाटले होते. झाला नाही. लुदोविक म्हणाला, "आई, तुमची इच्छा. आम्ही मान राखू." नादेजने मला मिठी मारली. मला फार हलके वाटले. संध्याकाळी मी दोन घास जास्त जेवले.

परवा सकाळी पुढच्या अंगणात बोलणे ऐकू आले. मी काठी घेऊन खिडकीपर्यंत गेले. मस्यू पेल्तिएंच्या दुकानाचा माणूस मोजपट्टी घेऊन वाकला होता. अंजिरापासून फाटकापर्यंत, जिथे गाडी वळते ती जागा तो मोजत होता. पट्टीचे दुसरे टोक नादेजच्या हातात होते.

तो गेल्यावर ती आत आली. लपवायचा प्रयत्न तिने केला नाही.

"मागचा तू गावाला देतेयस, तर दे," ती म्हणाली. "पण आई, आम्हाला इथं राहायचंय. मुलं आहेत. काहीतरी पाणी हवंच ना."

"कशाला?"

"तुला माहितेय कशाला."

"तुझा बाप त्या पाण्यात बसून गेला, नादेज."

ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. माझा हात तिने दोन्ही हातांत घेतला, आणि लहान मुलाला समजावतात तशा आवाजात म्हणाली, "बाबांचं काही चुकलं नव्हतं. पंप लहान होता."

 मी फोन करून नोटरीबाईंना पुन्हा बोलावून घेतले. कलम सातमधले जे शब्द खोडले आहेत ते मी खोडले आहेत, जे वर लिहिले आहेत ते माझ्या अक्षरात आहेत, आणि दोन्ही पूर्ण शुद्धीवर केले आहे. दिल्यापैकी काही कायद्याच्या निम्म्यापेक्षा जास्त भरले तर गाव आणि माझी मुलगी यांनी ते आपसात मिटवावे, पण अंजिरापासून फाटकापर्यंतची जागा गावाने सर्वांत शेवटी सोडावी.

वरील मजकूर नोटरी मादाम कोर्देस यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. बरोबर आहे. वाचन चालू असताना नादेज आणि लुदोविक घरात नव्हते. ते मुलांना घेऊन मागे पाण्यात होते, त्यांचे आवाज इथपर्यंत येत होते.

सही: ऑदेत रेबूल

आमच्यासमोर, एकाच वेळी, एकाच खोलीत सही झाली.

साक्षीदार: सोलांज मेर्ल, अग्निशामक दलातून निवृत्त, राहणार ला रूवियेर.

साक्षीदार: ब्लांदीन फाब्र, बेकरी, चर्चचा चौक, ला रूवियेर.

ठिकाण: ला रूवियेर, रानातल्या रस्त्यावरचे शेवटचे घर.

तारीख: २९ जुलै २०२२. सकाळपासून वारा आहे.